कोसळणाऱ्या वाऱ्याचे नाव : ईस्टर्न 66चा अपघात आणि ‘डाउनबर्स्ट’ या शब्दाचे प्रकरण

24 जून 1975 रोजी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर उतरत असलेले ईस्टर्न एअर लाइन्सचे 66 क्रमांकाचे विमान धावपट्टीच्या सुमारे 730 मीटर अलीकडे, उतरण्याच्या मार्गावरील दिव्यांच्या मनोऱ्यांवर आदळले आणि मोडत, पेटत रॉकअवे बुलेव्हार्ड या रस्त्यापर्यंत घसरत गेले. न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या या बोइंग 727 विमानात 116 प्रवासी आणि 8 कर्मचारी होते. त्या 124 जणांपैकी 113 जणांचा मृत्यू झाला. या अपघाताचा अभ्यास विमानवाहतुकीच्या इतिहासात अनेक अंगांनी झालेला आहे. येथे मात्र तो एकाच अंगाने मांडायचा आहे. ढगातून खाली येणाऱ्या हवेसाठी त्या काळी जो शब्द उपलब्ध होता तो या घटनेला पुरला नाही, म्हणून नवा शब्द घडवला गेला, त्या शब्दावर वर्षानुवर्षे वाद झाला, आणि पुढे तोच शब्द अपघात अहवालांत व इशाऱ्यांच्या भाषेत रुजला. शब्दाचा अर्थ कसा ठरतो, आणि तो कोणाच्या गरजेने ठरतो, हे या प्रकरणात विलक्षण स्पष्टपणे दिसते.

त्या दुपारी काय घडले

विमानतळाच्या उत्तरेकडे गडगडाटी ढग जमलेले होते आणि 22-डावी या धावपट्टीकडे येण्याचा मार्ग नेमका त्यांच्याखालून जात होता. ईस्टर्न 66च्या काही मिनिटे आधी एक मालवाहू डीसी-8 विमान त्याच धावपट्टीवर मोठ्या कष्टाने उतरले. उतरल्यावर त्याच्या वैमानिकाने नियंत्रकाला सांगितले की जमिनीजवळ वाऱ्यात प्रचंड फरक पडतो आहे, तेव्हा धावपट्टी बदलून विमाने वायव्येकडे तोंड करून उतरवावीत. नियंत्रकाने उत्तर दिले की त्याच्या उपकरणावर वारा धावपट्टीच्या रेषेतच, 15 नॉट (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वेगाने वाहताना दिसतो आहे. उपकरण काहीही दाखवत असले तरी धावपट्टी बदला, असे वैमानिकाने पुन्हा बजावले. धावपट्टी बदलली गेली नाही. त्यानंतर थोड्याच वेळात ईस्टर्नचेच 902 क्रमांकाचे विमान खाली आणि उजवीकडे ओढले जाऊ लागले, समोरचे दिसेनासे झाले, आणि वैमानिकाने उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेले. त्याचे म्हणणे 66च्या वैमानिकांपर्यंत पोचले होते. मधल्या काळात दुसरी काही विमाने मात्र सुखरूप उतरली होती, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा मला तोच वाटतो. एकाच मार्गावर, एकाच ढगाखाली, काही मिनिटांच्या अंतराने आलेल्या विमानांना इतके वेगवेगळे अनुभव आले, ते कशामुळे?

नियंत्रक आणि मालवाहू विमानाचा वैमानिक या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. नियंत्रकाकडचा आकडा विमानतळावरील वातमापकाचा होता आणि तेथे वारा खरोखरच सौम्य होता. वैमानिक सांगत होता तो वारा धावपट्टीच्या अलीकडच्या हवेतला होता. दोघांची वाक्ये एकमेकांना छेदत होती, कारण थोड्या जागेत आणि थोड्या वेळापुरता असणारा हा वारा म्हणजे नेमके काय, हे सांगणारा शब्द दोघांपाशीही नव्हता. वैमानिकाने ‘विंड शिअर’ हा शब्द वापरला होता. त्याचा अर्थ इतकाच की थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा बदलते. तो शब्द परिणाम सांगतो; तो परिणाम घडवणाऱ्या वस्तूचा आकार, विस्तार किंवा आयुष्य सांगत नाही.

जुना शब्द आणि त्याची मर्यादा

ढगातून खाली येणाऱ्या हवेच्या प्रवाहाला ‘डाउनड्राफ्ट’ म्हणत. हा शब्द नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 आणि 1947 साली फ्लोरिडा आणि ओहायो येथे शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ हॉरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली गडगडाटी ढगांत विमाने घालून मोजमापे घेण्यात आली. ढगाच्या आयुष्यात आधी हवा वर चढते, मग पाऊस तयार झाल्यावर हवा खाली येऊ लागते, हे चित्र त्यातून पक्के झाले. खाली येण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पडणारे थेंब आणि गारा आपल्या भाराने भोवतालची हवा खाली ओढतात. वाटेत कोरडी हवा लागली की थेंबांची वाफ होते, गारा वितळतात, आणि या दोन्ही क्रियांना लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जात असल्यामुळे हवा थंड होते. थंड हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड असते, म्हणून ती आणखी वेगाने खाली जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने ढगाखालची हवा गार होते, आणि वळवाच्या पावसाआधी अंगावर येणारी गार झुळूक हा त्याच क्रियेचा आपल्या ओळखीचा, सौम्य चेहरा आहे.

‘डाउनड्राफ्ट’ शब्दाला वेगाची, रुंदीची किंवा उंचीची अट नव्हती. हलका प्रवाहही डाउनड्राफ्ट आणि प्रचंड प्रवाहही डाउनड्राफ्टच. शिवाय एक समजूत त्याला चिकटलेली होती. जमीन ही भिंतच असल्यामुळे खाली येणारी हवा तिच्याजवळ पोचेपर्यंत मंदावलेलीच असणार, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला अगदी खालच्या उंचीवर तिचे भय नाही, असे बहुतेक हवामानशास्त्रज्ञ मानत. जमिनीजवळ जो जोराचा वारा लागतो तो पसरत जाणाऱ्या थंड हवेच्या पुढच्या कडेचा, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हे स्पष्टीकरण चुकीचे नव्हते. पण एका विमानाला सुखरूप उतरू देऊन पुढच्याला खाली ढकलणारी गोष्ट त्यात बसत नव्हती.

फुजिता यांचे वाचन

ईस्टर्न एअर लाइन्सच्या सुरक्षा विभागाने हा प्रश्न शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांच्याकडे नेला. फुजिता यांचा जन्म 1920 साली जपानच्या क्युशू बेटावर झाला. 1945 साली ऑगस्टमध्ये नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच बेटावर, कोकुराजवळच्या तंत्रमहाविद्यालयात शिकवत होते. त्या दिवशीचे पहिले लक्ष्य कोकुरा होते आणि तेथे खालचे काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले. नंतर नागासाकीत जाऊन त्यांनी होरपळीच्या खुणा आणि पडझडीच्या दिशा नोंदवल्या आणि त्यावरून स्फोट जमिनीपासून किती उंचीवर झाला असावा याचे गणित मांडले. वरून आलेला आघात जमिनीवर आदळून सर्व बाजूंना फाकला की पडलेल्या वस्तू ताऱ्याच्या किरणांसारख्या मांडल्या जातात, हे चित्र त्यांनी तेथे पाहिले.

1947 साली त्यांनी क्युशूमधील सेफुरी डोंगरावरून गेलेल्या गडगडाटी ढगाच्या नोंदी तपासल्या आणि ढगातून हवा खाली येते असा निष्कर्ष काढला. त्या डोंगरावरील अमेरिकी रडार केंद्राच्या केराच्या टोपलीत सापडलेल्या एका निबंधामुळे त्यांना बायर्स यांचे काम कळले. त्यांनी आपला लेख बायर्स यांना पाठवला आणि त्या ओळखीतून 1953 साली ते शिकागोला गेले. चक्रवाताची (टॉर्नेडोची) तीव्रता मोजणारी त्यांच्या नावाची श्रेणी 1971 सालची. एप्रिल 1974 मध्ये अमेरिकेत 3 आणि 4 तारखेला मिळून 148 चक्रवात झाले. त्यांच्या वाटा विमानातून पाहताना वेस्ट व्हर्जिनियातील बेक्लीजवळच्या जंगलात फुजिता यांना एक जागा अशी दिसली की जिथे झाडे गोल फिरवून पाडल्यासारखी नव्हती; ती एका मध्यापासून बाहेरच्या दिशेने फाकून पडली होती. नागासाकीचे चित्र त्यांना तिथे पुन्हा दिसले. चक्रवाताने हे होत नाही, मग कशाने होते, हा प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होता, आणि चौदा महिन्यांनी केनेडी विमानतळाची कागदपत्रे त्यांच्यासमोर आली.

त्यांनी वापरलेली सामग्री फार मोठी नव्हती. उड्डाण नोंदयंत्रांच्या फिती, वैमानिकांचे जबाब, रडारची आणि उपग्रहाची चित्रे, वातमापकांच्या नोंदी. या साऱ्यांची त्यांनी मिनिटामिनिटाने जुळणी केली आणि प्रत्येक विमान ढगाच्या कोणत्या भागाखालून, कोणत्या क्षणी गेले ते नकाशावर मांडले. रडारवरील पावसाचा डाग एका बाजूने भाल्याच्या टोकासारखा पुढे निघाला होता, आणि जोराने खाली कोसळणाऱ्या हवेचे काही वेगळे, लहान लहान गोळे त्या टोकाशी येत होते, असे त्यांनी दाखवले. ज्या विमानाची वेळ दोन गोळ्यांच्या मधली होती ते सुखरूप उतरले. ईस्टर्न 66 अशा एका गोळ्याच्या ऐन मध्यातून गेले.

विमानावर काय ओढवले तेही यातून समजते. कोसळून चहूबाजूंना पसरणाऱ्या हवेत शिरताना विमानाला आधी समोरून वारा लागतो, पंखांची उचल वाढते आणि विमान ठरल्या उतरणीपेक्षा वर जाऊ लागते. सवयीने वैमानिक इंजिनाचा जोर कमी करण्याकडे झुकतो. पुढच्या काही सेकंदांत वरून खाली ढकलणारा प्रवाह येतो, आणि त्यालाच लागून पाठीमागचा वारा, जो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग आणि पर्यायाने उचल हिरावून घेतो. विमान सर्वांत अशक्त होते तेव्हा जमीन सर्वांत जवळ असते. 66च्या वैमानिकांनी शेवटच्या क्षणी पूर्ण जोराची मागणी केली, पण तोवर मनोरे समोर आले होते.

नवा शब्द, आणि त्याची मूळ व्याख्या

या वाऱ्याला फुजिता यांनी 1976 साली ‘डाउनबर्स्ट’ म्हटले. ‘ड्राफ्ट’ म्हणजे वाहणारी झुळूक किंवा प्रवाह. ‘बर्स्ट’ म्हणजे फुटणे. खाली येणे आणि आदळून फुटणे या दोन्ही क्रिया एका शब्दात आल्या. नागासाकी आणि बेक्लीच्या चित्रांतला फाकलेला तारा त्या ‘बर्स्ट’मध्ये आहे.

त्यांनी पहिली व्याख्या केली तीही पाहण्यासारखी आहे. जमिनीपासून 91 मीटर, म्हणजे 300 फूट उंचीवर, खाली येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला 3.6 मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर तो डाउनबर्स्ट. हा आकडा निसर्गातल्या कोणत्या सीमारेषेवरून घेतलेला नव्हता. उतरणारे जेट विमान त्या उंचीवर साधारण याच वेगाने खाली येत असते. म्हणजे हवा स्वतःच इतक्या वेगाने खाली येत असेल तर विमानाच्या उतरणीचा वेग दुप्पट होतो. शब्दाची व्याख्या विमानाच्या अंगाने केलेली होती. काहींना हे अशास्त्रीय वाटले. मला ते प्रामाणिक वाटते, कारण हा शब्द कशासाठी हवा आहे हे व्याख्येतच उघडपणे सांगितलेले होते. पुढे, नुकसानीच्या पाहणीसाठी तोच शब्द वापरायचा झाला तेव्हा व्याख्या बदलली. जमिनीवर किंवा जमिनीलगत नुकसान करणारा वारा चहूकडे फेकणारा तीव्र अधोगामी प्रवाह, अशी ती झाली, आणि विस्तारावरून दोन प्रकार पडले. नुकसानकारक वाऱ्याचा विस्तार 4 किलोमीटरपर्यंत असेल तर ‘मायक्रोबर्स्ट’, त्याहून मोठा असेल तर ‘मॅक्रोबर्स्ट’. अनुभव असा की विमानांना लहान प्रकारच अधिक घातक ठरतो, कारण समोरच्या वाऱ्यापासून पाठीमागच्या वाऱ्यापर्यंतचा सारा फरक विमानाला काही सेकंदांत ओलांडावा लागतो.

वाद, आणि त्याचा निकाल

फुजिता यांच्यावरचा मुख्य आक्षेप असा होता की त्यांनी जुन्याच डाउनड्राफ्टला नवे नाव दिले आहे. या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. प्रत्येक डाउनबर्स्ट हा डाउनड्राफ्टच असतो. पण प्रत्येक डाउनड्राफ्ट डाउनबर्स्ट नसतो, आणि नेमका हा फरक जुन्या शब्दाने सांगता येत नव्हता. बायर्स यांनी जुन्या शब्दाचे शास्त्र स्वतः घडवले होते, तरी 1977 साली या अपघातावरचा निबंध त्यांनी फुजिता यांच्यासह लिहिला. सरकारी अपघात अहवालाने मात्र 1976 साली नवा शब्द स्वीकारला नाही. त्याने कारण नोंदवले ते असे : उतरणीच्या मार्गावर बसलेल्या अत्यंत तीव्र गडगडाटी ढगाशी संबंधित प्रतिकूल वारे, वैमानिकांना विमानाची अतिवेगाने होणारी उतरण ओळखण्यास झालेला उशीर, आणि धावपट्टी न बदलणे. ‘प्रतिकूल वारे’ हे शब्द खरे आहेत, पण ते इतके मोघम आहेत की पुढच्या वैमानिकाने नेमके काय ओळखायचे हे त्यातून कळत नाही.

निकाल मोजमापांनी लावला. 1978 साली शिकागोच्या परिसरात तीन डॉप्लर रडार (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही मोजणारी) लावून केलेल्या पाहणीत, 29 मे रोजी, मायक्रोबर्स्ट प्रथमच रडारने टिपला गेला. त्या मोसमात असे सुमारे 50 सापडले. 1982 साली डेन्व्हरच्या विमानतळाभोवती झालेल्या पाहणीत 186 नोंदले गेले. डेन्व्हरमध्ये आणखी एक गोष्ट ठळक झाली. अनेक मायक्रोबर्स्टच्या वेळी जमिनीवर पाऊस जवळजवळ पडतच नव्हता. उंच तळाच्या ढगातून निघालेल्या सरी वाटेतच विरून जात आणि खाली पोचत असे ती फक्त थंड, जड हवा. दिसायला निरुपद्रवी ढग, खाली धुळीचे एक वर्तुळ, आणि त्यात विमान पाडण्याइतका वारा.

त्याच उन्हाळ्यात, 9 जुलै 1982 रोजी, न्यू ऑर्लिन्सजवळ केनर येथे पॅन ॲमचे 759 क्रमांकाचे विमान उड्डाण करताच कोसळून 153 जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच्या अहवालात ‘मायक्रोबर्स्ट’ हा शब्द अपघाताच्या कारणातच आला. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टाचे 191 क्रमांकाचे विमान पडले. 137 जणांचा मृत्यू झाला आणि कारणात पुन्हा तोच शब्द. दहा वर्षांपूर्वी ‘प्रतिकूल वारे’ लिहिले गेले होते त्या जागी आता विशिष्ट आकाराची, विशिष्ट आयुष्याची, शोधता येण्याजोगी वस्तू आली होती. शोधता येण्याजोगी ठरल्यामुळेच पुढचे उपाय आखता आले : धावपट्ट्यांच्या सभोवती वातमापकांची साखळी, विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार, विमानातच बसवलेली इशारा यंत्रे, आणि या वाऱ्यात सापडल्यास काय करायचे याचा सिम्युलेटरवरील सराव.

या यंत्रणांत शब्दाचा अर्थ तिसऱ्यांदा बदलला. अमेरिकी विमानतळांवरील यंत्रणेत धावपट्टीच्या मार्गावर समोरच्या वाऱ्यात 30 नॉट किंवा त्याहून जास्त घट अपेक्षित असली की ‘मायक्रोबर्स्ट’चा इशारा दिला जातो. येथे खाली येणाऱ्या हवेचा वेग विचारलाच जात नाही. रडारला आडवे पसरणारे वारे सहज दिसतात आणि विमानाचे नुकसान गमावलेल्या वेगाने होते, म्हणून मोजायचे ते तेच. तीन व्याख्या, तीन गरजा. एक विमानाच्या उतरणीची, दुसरी जमिनीवरील पडझडीची, तिसरी रडारच्या दृष्टीची. हा शब्द वाचताना तो यांपैकी कोणत्या अर्थाने आला आहे हे पाहणे आवश्यक असते, नाहीतर दोन अहवालांतील आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

मराठीत हा शब्द वापरताना

मराठीत या वाऱ्याची बातमी येते तेव्हा सर्वांत मोठी गल्लत ‘ढगफुटी’शी होते. ‘बर्स्ट’ म्हणजे फुटणे, म्हणून डाउनबर्स्ट म्हणजेही ढगफुटी, असे सहज वाटते. ढगफुटी हा पावसाचा शब्द आहे. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाला 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर तो वापरला जातो. डाउनबर्स्ट हा वाऱ्याचा शब्द आहे, आणि डेन्व्हरच्या उदाहरणाप्रमाणे तो पावसाविनाही येतो. ‘वावटळ’ गोल फिरते, ‘चक्रीवादळ’ शेकडो किलोमीटर पसरते, ‘सोसाट्याचा वारा’ फक्त जोर सांगतो, आणि ‘वादळ’ या शब्दात सगळेच मावते. साध्या डाउनड्राफ्टसाठी ‘खाली येणारा प्रवाह’ किंवा ‘अधोगामी प्रवाह’ पुरतो. डाउनबर्स्टसाठी एखादा संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडवण्यापेक्षा तोच शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘ढगातून कोसळून जमिनीवर फाकणारा वारा’ असे सांगणे मी योग्य मानतो. ‘फाकणारा’ हा भाग सुटला तर केवळ दिशा उरते आणि शब्द पुन्हा डाउनड्राफ्टवर येतो.

तितकाच जपून तो वापरला पाहिजे. घाटकोपर येथे 13 मे 2024 रोजी धुळीच्या वादळात महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. वारा गडगडाटी ढगाच्या पुढून आला एवढ्यावरून त्याला डाउनबर्स्ट म्हणता येणार नाही, कारण पसरलेल्या थंड हवेची पुढची कडही तसाच झोत आणते आणि तो मूळ ढगापासून कितीतरी लांब पोचलेला असतो. फरक करायचा तर पडझडीचा नकाशा लागतो.

हा नकाशा करण्याजोगी जागा आपल्याकडे आहे. जळगाव जिल्ह्यात रावेर आणि यावल तालुक्यांत मे-जूनच्या वादळांत केळीच्या बागा आडव्या होतात आणि मग पंचनामे होतात. त्यात मुख्यतः क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण पाहिले जाते. एका बागेवरून काही ठरवणे चुकीचे होईल, कारण घडाचा भार, टेकू आणि ओली जमीन यांमुळेही खांब विशिष्ट बाजूला पडतो. पण शेजारच्या दहा-वीस शिवारांतील केळी, बांधावरची झाडे आणि उडालेले पत्रे कोणत्या दिशेला पडले, वारा किती वाजता आला, हवा एकदम गार झाली का, आणि पाऊस वाऱ्याच्या आधी आला की मागून, एवढे त्याच कागदावर लिहिले गेले, तर दिशा एका मध्यातून फाकतात, एकाच बाजूला जातात की गोल वळतात, हे पाहता येईल, आणि ‘वादळ’ या शब्दाच्या जागी कोणता शब्द लिहायचा ते त्या शिवारांवरूनच ठरवता येईल.